चाचणीचे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा वर्गातल्या शिक्षकानं काय करायचं?

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवरच्या तरुण शिक्षकांनी विचारलं आहे: "नोकरीचं तिसरं वर्ष आहे. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, पाचवीची वार्षिक, शिष्यवृत्ती, दरवर्षी काही ना काही बदलतंच. गेल्या वर्षी मी आदल्या वर्षीच्या सूचना धरून काम केलं आणि सगळ्या नोंदी परत कराव्या लागल्या. त्यात दिवाळीनंतर निम्मा पट आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. या बदलांचा मेळ कसा घालायचा? आणि चाचणीच्या दिवशी जी मुलं गावातच नसतात, त्यांचं काय करायचं?"

सर, मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी एकतीस वर्षं गेली. आधी वर्गावर, मग मुख्याध्यापक, शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख. तुमच्यासारखी चूक माझ्याकडूनही झाली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो. नवा नियम कळला नाही म्हणून चुकणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले. बहुतेक जण चुकतात ते जुना नियम पाठ असल्यामुळे.

२०२३ च्या मार्चमधला दहावीचा पहिला पेपर मला आठवतो. मी एका परीक्षा केंद्रावर बैठ्या पथकात, म्हणजे कॉपी रोखायला पेपरभर तिथंच बसणाऱ्या पथकात होतो. त्याआधी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं अगोदर, म्हणजे दहा पन्नासला हातात पडायची आणि मुलं ती वाचत बसायची. त्या दहा मिनिटांत प्रश्नपत्रिकेतला मजकूर मोबाइलवर फिरल्याचे प्रकार झाले, म्हणून मंडळानं त्या वर्षी ही सवलत बंद केली आणि तीच दहा मिनिटं पेपरच्या शेवटी वाढवून दिली. बैठकीत हे सांगून झालं होतं, फलकावर कागदही चिकटवला होता. तरी एका दालनात दहा पन्नास वाजले आणि पर्यवेक्षकांचा हात आपोआप सीलबंद पाकिटाकडे गेला. कात्री पाकिटाच्या कडेला लागली होती. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, अकराला ना?" तिथंच थांबलं ते.

त्या पर्यवेक्षकांना मी तेव्हाही बोललो नाही. वर्षानुवर्षं ज्या हातानं दहा पन्नासला पाकीट फोडलं, तो हात एका पत्रानं बदलत नाही. त्या मुलीला जुनी सवय नव्हती, म्हणून तिनं नवी सूचना सरळ वाचली होती.

तेव्हापासून केंद्रातल्या जूनच्या शिक्षण परिषदेत मी शिक्षकांना एक काम हमखास करायला लावायचो. गेल्या वर्षीचं पत्र डाव्या हाताला, यंदाचं उजव्या हाताला. लाल पेन घ्यायचा आणि यंदाच्या पत्रात जे वेगळं दिसेल तेवढ्याखालीच रेघ मारायची: कोणत्या इयत्ता, कोणते दिवस, लेखी किती, तोंडी किती, कोण तपासणार, गुण कुठं आणि कधीपर्यंत भरायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश वाचून कामाला लागायचं नाही. मूळ पत्र शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचायचं. पहिल्या दोन पानांवर संदर्भ आणि प्रस्तावना असते, माणूस तिथंच दमतो. आणि नोंदी कशा करायच्या ते नेमकं मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. तुमच्या नोंदी परत कराव्या लागल्या त्याचं कारण तिथंच सापडेल, बघा.

आता बदल नेमका कुठं आणि का होतो ते थोडं सांगतो. ते कळलं की चिडचिड कमी होते.

मी वर्गावर होतो तेव्हा सहामाही आणि वार्षिक एवढंच होतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला आणि 'आकारिक' (शिकवता शिकवता होणारं) आणि 'संकलित' (सत्राच्या शेवटचं) हे शब्द आपल्या तोंडी बसले. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, त्याबरोबर पायाभूत चाचणी आली आणि गुण शासनाच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर भरायला लागले. मग २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी, जिला आपण सगळे 'पॅट' म्हणतो; पायाभूत आणि संकलित आता तिच्यातच येतात. ती 'स्टार्स' प्रकल्पातून आली. जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेला हा प्रकल्प देशातल्या सहा राज्यांत होता, त्यात आपलं एक. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद चाचणी काढते, पुस्तिका छापून तालुक्याला येतात, तिथून केंद्रावर, आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर जातात.

म्हणजे कायदा बदलला की चाचणी बदलते, प्रकल्प बदलला की बदलते, गुण भरायचं यंत्र बदललं की परत बदलते. हे तिन्ही एकाच वेळी हलत नाहीत, म्हणून आपल्याला दरवर्षी काहीतरी नवं आल्यासारखं वाटतं. पायाभूत चाचणीचंच पाहा. २०२३ ला ती ऑगस्टात झाली, २०२४ ला जुलैत, २०२५ ला परत ऑगस्टात. सुरुवात तिसरी ते आठवीपासून झाली, पुढं इयत्तांचा आवाका कमी-जास्त होत राहिला.

पण एक गोष्ट या सगळ्यात हलली नाही. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर असते. चौथीच्या मुलाला तिसरीत काय यायला हवं होतं, ते ती विचारते. चांगले अनुभवी शिक्षकसुद्धा इथं गफलत करतात. 'आमचा अजून हा धडाच झाला नाही,' म्हणून फळ्यावर मदत करतात. त्या मदतीनं गुण वाढतात आणि मूल कुठं अडलंय ते झाकलं जातं. मग वर्षभर आपण भलत्याच ठिकाणी खणत राहतो.

पाचवी आणि आठवीचं थोडक्यात सांगतो, कारण इथं कायदाच वेगळा आहे. केंद्र सरकारनं २०१९ ला शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली, आपल्या राज्यानं २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम केले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. लेखी-तोंडी मिळून पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०. मूल नापास झालं तर पूरक मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घ्यायची, तिच्यातही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायचं. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. बाकीच्या वर्गांची संकलित चाचणी दोन आणि पाचवीची वार्षिक यांच्या सूचना एकत्र वाचू नका. दोन वेगळ्या फायली करा. द्विशिक्षकी शाळेत एकाच टेबलावर दोन्ही गठ्ठे येतात आणि घोळ तिथं होतो.

शिष्यवृत्तीकडे मात्र सावकाश पाहा, कारण यातला बदल तुमच्या शाळेला थेट लागतो. पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. वाडी-वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक चौथीपर्यंत. तिथल्या गुरुजींनी पहाटेपासून मुलांना बसवून तयारी करून घ्यायची ही आपल्याकडे अनेक गावांत जुनी रीत होती. परीक्षा पाचवीला गेली आणि त्या गुरुजींच्या हातून ती सुटली. मुलगा पाचवीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जायचा आणि तिथं त्याचं नाव कोणी नोंदवेलच असं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या मुलांची नोंदणी रोडावली. माझ्या केंद्रातल्या तीन शाळांत मी हे डोळ्यांनी पाहिलं.

शासनानं २०२५ मध्ये ही परीक्षा परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. त्यासाठी २०२५-२६ हे जोडवर्ष धरलं, पाचवी-आठवीचीही परीक्षा आणि चौथी-सातवीचीही. २०२६-२७ पासून फक्त चौथी आणि सातवी. मला हा निर्णय मनापासून पटला आहे. तुमच्या शाळेत चौथी आहे, म्हणजे आता ही जबाबदारी पुन्हा तुमच्याकडे आली. या दहा वर्षांत नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी चौथीची शिष्यवृत्ती कधी घेतलेलीच नाही, हेही लक्षात ठेवा. शेजारच्या शाळेवर एखादे जुने गुरुजी असतील तर दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

एक बारीक गोष्ट. चौथीतलं डोंगरावरचं मूल उत्तरपत्रिकेवर गोल रंगवताना तीन ठिकाणी चुकतं: प्रश्न सोडून देतं पण त्याचा गोल सोडत नाही, त्यामुळं पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकतात, गोल अर्धा रंगवतं, आणि खाडाखोड करतं. प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सराव सगळे घेतात, गोल रंगवण्याचा कोणी घेत नाही. ऑगस्टपासून आठवड्यातून एकदा, प्रश्न न देता, नुसती उत्तरं सांगून गोल रंगवून घ्या. "सात नंबर सोडला, आठचा तीन" असं म्हणायचं आणि कोण घसरलं ते पाहायचं. वीस मिनिटं पुरतात. माझ्या केंद्रात एका शिक्षिकेनं हे सुरू केलं आणि त्या वर्षापासून तिच्या मुलांचे उत्तरसूचीवरून मोजलेले कच्चे गुण आणि निकालातले पक्के गुण जुळायला लागले.

आकडे वाचण्याबद्दलही सांगायला हवं, कारण निकाल लागला की गावात शाळेची बरोबरी गेल्या वर्षाशी लावतात. दहावीचं उदाहरण घ्या. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला. मुलं एका वर्षात ढ झाली नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० झाला, त्या वर्षी टाळेबंदीमुळं भूगोलाचा पेपरही झाला नव्हता. २०२१ ला लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. हे चार आकडे ओळीनं मांडून कोणी मुलांच्या हुशारीचा आलेख काढला तर तो खोटाच निघेल.

त्यात आपल्याकडे कॉपीचा विषयही आहे. नांदेडला डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली, तेव्हा निकाल खाली आले आणि लोक हादरले. पण त्या खाली आलेल्या आकड्यातच जिल्ह्याला पहिल्यांदा खरं चित्र दिसलं. म्हणून सांगतो, तुमच्या शाळेच्या निकालपत्रकावर गुणांच्या खाली एक ओळ लिहून ठेवत जा: यंदा गुण कशाला होते, कोणत्या वर्गांची चाचणी झाली, किती मुलं हजर होती. पाच वर्षांनी त्या शाळेवर येणाऱ्या शिक्षकाला ती ओळ फार उपयोगी पडेल.

आता तुमचा खरा प्रश्न, उसाला जाणाऱ्या मुलांचा.

राज्याचं वेळापत्रक पुण्यात ठरतं आणि सगळ्या जिल्ह्यांना एकच असतं. आपल्या भागाचं वेळापत्रक साखर कारखान्याचा बॉयलर कधी पेटतो त्यावर ठरतं. जुलै-ऑगस्टात सगळी मुलं गावात असतात, पायाभूतला पट भरलेला असतो. पहिली संकलित ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर दसरा उरकलेला असतो, गाड्या भरायला लागलेल्या असतात. दुसरी संकलित एप्रिलमध्ये. काही कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, पाडव्याला परतलेले असतात, काही अजून उसाच्या फडातच. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षांचं वेळापत्रक राज्यभर एकच करून ते ८ ते २५ एप्रिल असं ठेवलं, तेव्हा आपल्याकडे आणि विदर्भात उन्हाची मोठी ओरड झाली. ती रास्तच होती. पत्र्याच्या वर्गात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी दहालाच मुलांना घाम फुटतो, आणि १ मेला निकाल द्यायचा तर तपासायला पाचच दिवस उरतात. पण उशिरा घेण्याचा एक फायदा मला दिसला आणि तो कोणी बोलून दाखवला नाही: उसावरून परतलेली दोन-चार मुलं जास्त सापडतात.

वेळापत्रक तुमच्या हातात नाही. नोंद तुमच्या हातात आहे. तेव्हा पहिली गोष्ट, गैरहजर मुलापुढं शून्य कधीही लिहू नका. गैरहजर म्हणजे गैरहजर. शून्याचा अर्थ होतो की मूल बसलं आणि त्याला काहीच आलं नाही. माझ्या केंद्रातल्या एका शाळेनं घाईत अकरा मुलांपुढं शून्य भरलं, कारण रकाना रिकामा सोडला तर माहिती अपुरी दिसेल अशी भीती होती. वर्गाची सरासरी कोसळली, शाळेला खुलासा मागितला गेला, आणि मग त्या अकरा मुलांना 'अप्रगत' धरून त्यांच्यासाठी कृतिकार्यक्रम आखला गेला. त्यातल्या चार मुली वर्गातल्या सर्वात चांगल्या वाचणाऱ्या होत्या. खुलाशाची भीती बाळगू नका. रोजची हजेरी आणि चाचणीच्या दिवसाची हजेरी जुळत असेल तर तुमचं कोणी काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट, मूल गावातच राहू शकतं का ते सप्टेंबरातच पाहा. आजी-आजोबा घरी असतील तर हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात मागं राहिलेल्या मुलांच्या सोयीचा, प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे. मुलं निघून गेल्यावर केलेल्या प्रस्तावाचा उपयोग नाही. तिसरी गोष्ट, जे मूल जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर त्याला फडाजवळच्या शाळेत बसता येतं.

हमी कार्डावर मूल कोणत्या वर्गात आहे ते कळतं, त्याला काय येतं ते पुरेसं कळत नाही. म्हणून मी मुख्याध्यापक असताना आम्ही सोबत आणखी एक कार्ड द्यायला लागलो. जुन्या फायलीचा पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापायचा आणि पायाभूत चाचणीत दिसलेलं चार ओळींत लिहायचं. तिसरीतली एक मुलगी होती. तिच्या कार्डावर मी लिहिलं होतं: "साधे शब्द सलग वाचते. जोडाक्षराला अडते. बेरीज येते. हातच्याची वजाबाकी येत नाही. गोष्ट सांगायला फार आवडते." खाली शाळेचं नाव. आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तराच्या तळाशी ठेवलं. पाडव्यानंतर मुलगी परत आली, पुठ्ठ्याचे कोपरे दुमडले होते, एका बाजूनं पाण्याचा डाग. पाठीमागं निळ्या शाईत अनोळखी अक्षर होतं: "जोडाक्षरं वाचते. हातच्याची वजाबाकी दोन अंकी जमते, तीन अंकी घ्या. जानेवारीपर्यंत आमच्याकडे होती." सही होती, नाव वाचता येत नव्हतं. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळच्या (झोपड्यांजवळच्या) कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षकानं आमच्या चार ओळींना उत्तर लिहिलं होतं.

एप्रिलच्या त्या चाचणीला आम्ही तिला तीन अंकी वजाबाकीपासून धरलं. मधले चार महिने परत शिकवावे लागले नाहीत. सगळी कार्डं अशी भरून येत नाहीत. आमची त्या वर्षी चौदा गेली, पाच परत आली, लिहिलेली तीनच. तरी दरवर्षी द्यायची, कारण तीन मुलं सापडली.

तुम्ही यंदा हे करणार असाल तर पायाभूत चाचणी तपासून झाली की त्याच आठवड्यात, प्रत्येक मुलाची पुस्तिका समोर असतानाच, कार्डं लिहून घ्या. ऑक्टोबरात आठवणीनं लिहाल तर सगळ्या मुलांचं एकसारखंच उतरेल. आणि टोळी कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावाजवळ उतरणार ते टोळीच्या मुकादमाला, तो उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटतो तेव्हाच विचारून ठेवा. त्याला ते तेव्हाच ठाऊक असतं. गावाचं नाव कळलं की तिथल्या शाळेचा नंबर तुमच्या केंद्रप्रमुखांमार्फत मिळवता येतो. गाडी हलायच्या आधी एक फोन करा.